‘सभेची सुरुवात प्रार्थनेने झाली’: इतिवृत्तातल्या एका ओळीचा अर्थ

कोल्हापुरात सभा म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. दूध संस्था, विकास सोसायटी, साखर कारखाना, तालीम मंडळ. वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मांडवात जाऊन बसतंच. विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’, हे शब्द आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही कानावरून गेलेले असतात. त्यामुळे चर्चचा कारभार कसा चालतो असं एखाद्या मित्रानं विचारलं, तर निम्मं उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. आमच्याकडेही हे सगळं असतं. फरक दिसतो तो इतिवृत्ताच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत. पहिली ओळ: ‘सभेची सुरुवात शास्त्रवाचनाने व प्रार्थनेने झाली.’ शेवटची: ‘आशीर्वादाने सभा संपली.’

मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही वर्षं चिटणीस होतो. या दोन ओळी किती वेळा लिहिल्या याची मोजदाद नाही. मग एका तरुण सभासदानं विचारलं, “दादा, प्रार्थना सभेचा भाग आहे, की सभेच्या आधीची?” प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. प्रार्थना सभेच्या आधीची असेल, तर दहा मिनिटं उशिरा येणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, कारण खरं काम पुढेच आहे. ती सभेचा भाग असेल, तर मात्र तिचा त्या दिवशीच्या ठरावांशी काहीतरी संबंध असायला हवा. ती सभेचाच भाग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ते कसं झालं, ते जरा मागे जाऊन सांगतो.

मंडळी, वडील आणि अध्यक्ष

चर्च म्हटलं की लोकांना इमारत दिसते. मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो, आणि हा शब्द मूळ अर्थाच्या फार जवळ आहे. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. ग्रीक शहरांमध्ये नागरिकांना हाक देऊन बोलावलेल्या सभेचं हे नाव होतं. म्हणजे जमणं, बोलणं आणि ठरवणं हे मंडळीच्या नावातच आहे.

मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कारभाऱ्यांसाठी ‘वडील’, ‘अध्यक्ष’ आणि ‘सेवक’ असे शब्द येतात. ‘वडील’ म्हणजे ग्रीक ‘प्रेस्ब्युतेरॉस’. प्रेस्बिटेरियन या पंथाचं नाव त्यावरून आलं. ‘अध्यक्ष’ म्हणजे ‘एपिस्कोपॉस’, देखरेख करणारा. बिशप हा शब्द त्याच्यापासून झाला. यांतला भर कुणावर द्यायचा यावरून चर्चच्या कारभाराच्या तीन पद्धती झाल्या. एकीत बिशप प्रमुख. दुसरीत निवडलेल्या वडिलांच्या सभा, एकावर एक अशा पायऱ्यांनी. तिसरीत स्थानिक मंडळीतले सगळे सभासद मिळून निर्णय घेतात; बाप्टिस्ट आणि काँग्रेगेशनल मंडळ्या अशा चालतात.

कोल्हापुरात दुसरी पद्धत रुजली. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये अहमदनगरहून इथं आले, आणि १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. पुढे १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रेगेशनल परंपरा एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तिच्यात बिशपही आले आणि निवडून आलेल्या सभाही राहिल्या. म्हणून आज कोल्हापूर, कोडोली, पन्हाळा, मिरज या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत ‘पाळक’ (मंडळीचा धर्मगुरू), ‘वडील’, ‘चर्च कौन्सिल’, ‘बिशप’, ‘सिनॉड’ (चर्चची सर्वोच्च सभा) हे सगळे शब्द एकाच जेवणाच्या पाटावर ऐकू येतात. बाहेरच्याला गोंधळ वाटतो. खरं तर ते एकावर एक बसलेले इतिहासाचे थर आहेत.

अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं १७८८ मध्ये स्वीकारलेल्या नियमांत आपल्या विषयाची एक छोटी तरतूद आहे. प्रेस्बितरीच्या, म्हणजे परिसरातल्या मंडळ्यांच्या पाळकांच्या आणि वडिलांच्या सभेच्या, प्रत्येक बैठकीत सोयीचं असल्यास उपदेश व्हावा; आणि प्रत्येक सत्र प्रार्थनेनं उघडावं व प्रार्थनेनं बंद करावं. यातला फरक बारकाईनं पाहण्यासारखा आहे. उपदेशाला ‘सोयीचं असल्यास’ ही सवलत आहे. प्रार्थनेला ती नाही. उपदेशक आजारी पडू शकतो, प्रवासात अडकू शकतो. प्रार्थना करायला तर कुणीही चालतं. आमच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीचं मूळ या नियमाच्या घराण्यात आहे.

भाकरीच्या वाटपावरून झालेला वाद

आता नियमाच्याही मागे जाऊ. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मंडळीतला एक जुना वाद नोंदवलेला आहे, आणि तो अगदी घरगुती आहे. यरुशलेमेत विधवांना रोजचं अन्न वाटलं जात होतं. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी तक्रार केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. भाषा वेगळी, ओळख वेगळी, म्हणून ताटात कमी पडतंय. ज्यानं मदतीच्या याद्या केल्या आहेत त्याला हा वाद लगेच ओळखू येईल.

प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तीची व्यवस्था बघावी हे बरं नाही. तुमच्यातून चांगल्या नावाची सात माणसं निवडा, आम्ही प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत राहतो. ही ओळ अनेकदा कामाची वाटणी म्हणून वाचली जाते: प्रार्थना आणि उपदेश पाळकांनी करावा, हिशेब आणि वाटप कमिटीनं. मला हे वाचन अपुरं वाटतं. एक तर त्या सात जणांची नेमणूकच प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून झाली. भाकरी वाटण्याच्या कामालाही तेवढाच मान मिळाला. दुसरं म्हणजे त्या सातांतला पहिला स्तेफन, आणि कृत्यांच्या पुस्तकातलं सगळ्यांत लांब भाषण त्याचंच आहे; सातवा अध्याय जवळजवळ पूर्ण. वाटपासाठी नेमलेला माणूस सगळ्यांत मोठा उपदेश करतो. प्रार्थना एका खोलीत आणि कारभार दुसऱ्या खोलीत, अशी भिंत या पुस्तकात टिकत नाही.

पंधराव्या अध्यायातली सभा तर आणखी शिकवते. परराष्ट्रीयांतून, म्हणजे यहुदी नसलेल्यांतून, आलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही, हा प्रश्न होता. मंडळी फुटायची वेळ आलेली. क्रम असा: आधी पुष्कळ वादविवाद झाला. मग पेत्र उठून आपला अनुभव सांगतो. मग सगळी सभा गप्प होते आणि बर्णबा व पौल जे घडलं ते सांगतात. त्यानंतर याकोब उठतो आणि आमोस संदेष्ट्याचं वचन त्या अनुभवांपुढे ठेवतो. मग निर्णय होतो, पत्र लिहिलं जातं आणि त्यात शब्द येतात की पवित्र आत्म्याला व आम्हांला असं योग्य वाटलं.

शास्त्रवचन इथं सभेच्या अगदी मध्यात आलं आहे, लोक भांडून, सांगून, ऐकून झाल्यावर. आपण वचन सुरुवातीला वाचून शास्त्र मिटून ठेवतो. याकोबानं ते वादाच्या तोंडावर उघडलं. आणि या अध्यायात प्रार्थनेचा वेगळा उल्लेखच नाही. म्हणून यरुशलेमेत प्रार्थना झाली नाही असं म्हणणं चुकीचं होईल. पण लेखकानं नोंद ठेवली ती ऐकण्याची आणि गप्प होण्याची, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

सभेत खुर्चीवर कोण बसतं

इ. स. ४३१ मध्ये एफेससला मोठी परिषद भरली तेव्हा सभेच्या मधोमध सिंहासनावर शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवला होता. सांगायचं ते एका खुर्चीनं सांगून झालं: इथं अध्यक्षस्थानी ख्रिस्त आहे, बाकी सगळे त्याचं ऐकायला जमलेत.

६३३ मध्ये स्पेनमधल्या टोलेडो शहरात भरलेल्या परिषदेनं तर सभा कशी भरवायची याची रीतच लिहून ठेवली. बिशपांनी ज्येष्ठतेनुसार आत यायचं, गोलाकार बसायचं. मग सगळ्यांनी जमिनीवर पालथं पडून मनातल्या मनात प्रार्थना करायची. एका ज्येष्ठ बिशपानं उठून मोठ्यानं प्रार्थना करायची. आमेन झाल्यावरच जागेवर बसायचं. आणि मग एक सेवक, म्हणजे डीकन, जुने नियम वाचून दाखवणार. प्रार्थना आणि नियमपुस्तक दोन्ही एकाच क्रमात आहेत, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही.

त्या परंपरेतली एक प्रार्थना सेव्हिलचे बिशप इसिदोर यांच्या नावानं ओळखली जाते. १९६२ ते १९६५ या काळातल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतही ती म्हटली जात असे. तिची सुरुवात पवित्र आत्म्याला उद्देशून आहे: आम्ही तुझ्यासमोर जमलो आहोत. मला त्यातलं पुढचं मागणं फार मोलाचं वाटतं. अज्ञानामुळे आम्ही भलतीकडे ओढले जाऊ नये, कुणाच्या मर्जीपुढे वाकू नये, भेट घेऊन किंवा माणसाचं तोंड बघून बिघडू नये. चौदाशे वर्षांपूर्वीच्या बिशपांना सभेत काय होतं ते नीट माहीत होतं. ‘आम्हांला चांगला निर्णय घेऊ दे’ असं मोघम न मागता त्यांनी निर्णय कशामुळे बिघडतात त्यांची नावं घेतली: न समजणं, मर्जी, भेट, ओळख. आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या सभेच्या आधी ही चार नावं मोठ्यानं घेतली तर मांडवात शांतता पसरेल.

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एक बोलण्याची पद्धत आहे: सभा प्रार्थनेनं ‘घटित’ होते. माणसं आली, खुर्च्या भरल्या, गणपूर्ती झाली, तरी अजून ती जमलेली माणसंच असतात. मॉडरेटर, म्हणजे सभा चालवणारा, मंडळीचा राजा आणि मस्तक असलेल्या प्रभू येशूच्या नावानं प्रार्थना करतो तेव्हा त्यांची सभा होते. न्यायाधीश आसनावर बसल्यावर कोर्ट सुरू होतं, तसंच काहीसं. त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर या पद्धतीत दडलेलं आहे. प्रार्थनेच्या आधी सभाच नसते, त्यामुळे प्रार्थना सभेच्या आधीची असूच शकत नाही.

मग एखाद्या दिवशी प्रार्थना राहून गेली, तर ठराव रद्द होतात का? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. सहसा नाही. ठराव टिकतो की नाही ते नोटीस वेळेवर गेली का, गणपूर्ती होती का, मतदान नियमाप्रमाणे झालं का यावर ठरतं. पण प्रेस्बिटेरियन पद्धतीत खालच्या सभेची वही वरची सभा दरवर्षी तपासते, आणि त्या तपासणीत पहिली ओळ गायब असेल तर तसा शेरा येऊ शकतो.

उपदेशातून जन्मलेली सभा

प्रार्थनेचं जरा तरी लोकांना पटतं. उपदेशाचं नाव काढलं की कमिटीतले लोक घड्याळाकडे बघतात. “रविवारी ऐकलं की, परत मंगळवारी कशाला?” म्हणून इथं थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो.

१५४१ मध्ये जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनच्या पुढाकारानं चर्चची व्यवस्था लिहिली गेली. तिच्यात असं ठरलं की शहरातल्या आणि आसपासच्या पाळकांनी दर आठवड्याला एकत्र येऊन शास्त्राचा एक भाग समजून घ्यायचा. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी भर घालायची, चूक असेल तर सांगायची. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या शिस्तग्रंथानं हीच कल्पना उचलली. तिथं त्या साप्ताहिक जमण्याला ‘एक्सरसाइज’ म्हणत. आपण ‘वचनाचा सराव’ म्हणू. एक जण उताऱ्याचं विवरण करी, दुसरा त्यात भर घाली, मग बाकीचे पाळक आणि वडील मत देत. आठवड्याला भेटतोच आहोत तर आसपासच्या मंडळ्यांचे प्रश्नही तिथंच यायला लागले: कुठं पाळक नाही, कुणाचं भांडण मिटत नाही, कुणाची वागणूक नीट नाही. १५७९ मध्ये त्यांच्या सर्वसाधारण सभेनं सांगून टाकलं की हा ‘वचनाचा सराव’च प्रेस्बितरी समजावा. १५८१ पासून प्रेस्बितऱ्या रीतसर उभ्या राहू लागल्या.

याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. कारभाराच्या सभेला उपदेशाचं तोरण नंतर लावलं, असं झालेलं नाही. वचन ऐकायला आणि तपासायला जमलेली माणसंच पुढे कारभार करू लागली. आणि तो उपदेशही एकतर्फी नव्हता. बोलणाऱ्याला उत्तर मिळत होतं.

या परंपरेनं कळस गाठला तो लंडनमध्ये. इंग्लंडच्या चर्चची व्यवस्था ठरवण्यासाठी बोलावलेली वेस्टमिन्स्टर सभा १ जुलै १६४३ रोजी सुरू झाली ती तिचे अध्यक्ष विल्यम ट्विस यांच्या उपदेशानं. त्या सभेत स्कॉटलंडतर्फे रॉबर्ट बेली हजर होते. त्यांनी १६४४ च्या मे महिन्यातल्या एका उपवासाच्या दिवसाचं वर्णन पत्रात लिहून ठेवलं आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत. ट्विस यांची छोटी प्रार्थना, मग एकाची दोन तास प्रार्थना, मग एक तास उपदेश, स्तोत्र, पुन्हा सुमारे दोन तास प्रार्थना, पुन्हा एक तास उपदेश, पुन्हा जवळपास दोन तास प्रार्थना, स्तोत्र. त्यानंतर अलेक्झांडर हेंडरसन यांनी सभेत आपण कुठं चुकलो, कुठं तापलो, याची मोकळी चर्चा घडवून आणली. आजच्या माणसाला हे आठ तास झेपणार नाहीत, आणि झेपावेत असा माझा आग्रहही नाही. पण तो दिवस शेवटी आला कुठं, ते बघा: सभेनं आपल्याच वागण्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

उपदेश कुणी करावा, याबद्दल प्रेस्बिटेरियनांची एक चांगली रीत आहे. मोठ्या सभेचा सुरुवातीचा उपदेश मावळता मॉडरेटर करतो. त्याचं पद त्याच दिवशी संपणार असतं, त्यामुळे त्याला कुणाला खूष करून काही मिळवायचं नसतं. पद सोडताना माणूस जरा मोकळं बोलतो, हे आपण आपल्या गावातही पाहिलं आहे.

नियम आणि प्रार्थना यांचं वैर नाही

काही भक्तिमान माणसं म्हणतात, प्रार्थना केली की झालं, नियम कशाला? त्यांना मी हेन्री रॉबर्ट यांची गोष्ट सांगतो. हे अमेरिकन सैन्यातले इंजिनिअर. १८६३ मध्ये न्यू बेडफर्ड गावातल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांना एका सभेचं अध्यक्षपद अचानक सांभाळावं लागलं. सभा कशी चालवायची ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सभा हाताबाहेर गेली. ती बोच मनात ठेवून त्यांनी अभ्यास केला आणि १८७६ मध्ये सभानियमांचं जे पुस्तक काढलं, ते आज जगभर वापरलं जातं. अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या घटनेत तर दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत: सभा प्रार्थनेनं उघडावी व बंद करावी, आणि सभा रॉबर्ट यांच्या नियमांप्रमाणे चालवावी.

नियम हे गप्प बसणाऱ्याचं संरक्षण असतं. ज्याचा आवाज मोठा नाही, ज्याला प्रार्थनेत सुंदर शब्द सुचत नाहीत, त्याला हात वर करून बोलायची पाळी नियमामुळे मिळते. प्रार्थनेनं नियमाची जागा घेतली, तर ती जागा प्रत्यक्षात चांगलं बोलणाऱ्याच्याच हातात जाते.

प्रार्थना जेव्हा दगड होते

आता जे सांगायला जड जातं ते. एका मंडळीच्या सभेला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. विषय होता रस्त्याकडेची जागा दुकानांसाठी भाड्यानं द्यायची की नाही. सुरुवातीच्या प्रार्थनेला जे उभे राहिले ते म्हणाले, “हे प्रभू, ज्यांना तुझ्या घराचा बाजार करायचा आहे त्यांना सुबुद्धी दे.” कुणाबद्दल, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. अर्ध्या माणसांनी आमेन म्हटलं नाही. तीन तास सभा चालली, आणि शेवटची प्रार्थना दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे आली. त्यांनी मागितलं, “खोट्या तोंडाच्या लोकांपासून तुझ्या मंडळीला सोडव.” वहीत मात्र प्रार्थनेनं सुरुवात आणि प्रार्थनेनं शेवट, असं सगळं व्यवस्थित लिहिलं गेलं असणार.

डोळे मिटून केलेल्या भाषणाला हरकत घेता येत नाही, हाच त्यातला अन्याय आहे. उपदेशाचंही तेच. व्यासपीठावरून जर त्या दिवशीच्या विषयावर एक बाजू मांडली, तर ऐकणाऱ्याला उत्तर द्यायची सोय नसते. वर विरोध केला तर तो वचनाला विरोध ठरतो. ‘देवानं मला सांगितलं’ हे वाक्य तर चर्चा तिथंच थांबवतं. कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पेत्रानंही तसं म्हणून विषय संपवला नाही. त्यानं घडलेलं सांगितलं आणि बाकीच्यांना ठरवू दिलं.

म्हणून माझं म्हणणं असं. सभेतला उपदेश विषयपत्रिकेवर नसावा. त्या आठवड्याच्या ठरलेल्या वाचनावरच असावा, म्हणजे उतारा मुद्दाम निवडला असा संशय कुणाला येणार नाही. प्रार्थनेत सभेतल्या कुणाबद्दलही असं काही मागू नये, जे त्याच्या तोंडावर बोलता येणार नाही. आणि जो एखाद्या ठरावाचा सूचक आहे, त्यानं त्या दिवशी सुरुवातीची प्रार्थना करू नये. हे तिन्ही कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेलं मी पाहिलं नाही. सभांना बसून बसून मला ते सुचलं आहे.

इतर परंपरांनी यावर आपापले मार्ग काढले आहेत. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक कारभाराची सभा उपासनेसारखीच शांततेत चालवतात. मतदान करत नाहीत, सभेचा कल कुठं आहे हे कारकून शब्दांत मांडतो आणि सगळ्यांना पटलं तरच लिहितो. ऑस्ट्रेलियातल्या युनायटिंग चर्चमध्ये रंगीत कार्डं असतात: पटलं तर केशरी, नाही पटलं तर निळं. ती रीत पुढे जागतिक चर्च परिषदेनंही घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमला कॅथलिक सिनॉड, म्हणजे बिशप व इतरांची सभा, भरला तेव्हा आधी तीन दिवस मौनसाधना झाली, आणि मग गोल टेबलांभोवती बोलणं व शांतता आळीपाळीनं. शांततेनंतर आपलं मत पुन्हा मांडायचं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातलं आपल्याला काय भिडलं ते सांगायचं.

२०१९ ची यादी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शाहूपुरीपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळीकडे मदत जमली: थोडे पैसे, धान्य, चादरी. वाटपासाठी कमिटी बसली. सुरुवातीला प्रार्थना झाली, मी ओळ लिहिली. मग वाद पेटला. मदत मंडळीच्या घरांनाच द्यायची, की गल्लीतल्या बाकीच्यांनाही? एक बाजू म्हणे, आधी आपलं घर. दुसरी म्हणे, पुरानं जात-धर्म विचारला होता का? आवाज चढले. घरं बुडालेली माणसंच दोन्ही बाजूंना होती, त्यामुळे कुणाला गप्प करणंही अवघड.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजी म्हणाल्या, “जरा गप बसा की. मगाशी देवाला बोलावलंसा, त्याचं बी ऐकूया.”

पाळकसाहेबांनी चर्चा थांबवली. आम्ही दहा मिनिटं काही न बोलता बसलो. बाहेर कुणीतरी चिखल उपसत होतं, त्या फावड्याचा आवाज तेवढा येत होता. मग साहेबांनी कृत्यांचा सहावा अध्याय वाचला, पहिली सात वचनं, आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. वाचन संपलं तशा महिला संघाच्या सेक्रेटरी बाईंनी यादी मागून घेतली आणि बोट फिरवत म्हणाल्या, “ह्या यादीत भाड्यानं राहणाऱ्या दोघी विधवा कुठं आहेत?” त्या नव्हत्या. घरमालकांच्या नावांवरून यादी केल्यामुळे त्या सुटल्या होत्या. तासभर आम्ही दोन्ही बाजूंनी भांडत होतो, आणि दोन्ही बाजूंना त्या दिसल्या नव्हत्या.

मूळ प्रश्न त्यानंतरही सुटला नाही एका फटक्यात. मतदान झालं, गल्लीतल्यांनाही द्यायचं असं बहुमतानं ठरलं, आणि काही जण नाराज राहिले. त्यांच्यातले दोघं दुसऱ्या दिवशी टेम्पोतून पोती उतरवायला आले होते.

त्या रात्री वही लिहिताना मी सवयीची पहिली ओळ लिहिली आणि चौथ्या विषयापाशी थांबलो. मग लिहिलं: ‘विषय क्र. ४ वरील चर्चा थांबवून दहा मिनिटे मौन. प्रे. कृ. ६:१–७ चे वाचन. त्यानंतर यादीत दोन नावे वाढवली.’ पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना कुणीतरी विचारलं की मौन आणि वाचन हे कामकाजात कशाला. पाळकसाहेब म्हणाले, यादीतली दोन नावं त्याच्यामुळेच आली, तर ते कामकाजच आहे, ठेवा तसंच.

तेव्हापासून आमच्या सभेच्या नोटिशीत एक बदल झाला. पूर्वी प्रार्थना नोटिशीच्या माथ्यावर, आकडा न लावता छापलेली असायची आणि विषय क्र. १ म्हणजे मागील इतिवृत्त कायम करणे. आता विषय क्र. १ असतो ‘शास्त्रवाचन, मौन व प्रार्थना’, आणि इतिवृत्त दुसऱ्या क्रमांकावर गेलं आहे.